सी मुहरिजची थाळी

"मला चोर म्हणाले, लल्ला हसीबा! आज! आजच्या दिवशी!"

हत्ताबकाका दारातच उभे होते. अंगात नवाकोरा राखाडी सूट, बाहीवर शिंप्याची चिठ्ठी अजून टाचलेली, आणि चेहरा घामाने डबडबलेला. ट्युनिसजवळच्या नाबल गावातल्या अध्यापक महाविद्यालयाच्या फाटकावर या माणसाचं अख्खं आयुष्य गेलं होतं. गावातले निम्मे मास्तर त्यांची बोलणी खाऊनच वेळेवर यायला शिकले होते.

बलहसनने हातातला चहा खाली ठेवला. त्या फाटकातून तोही एकेकाळी आत गेला होता आणि वर्षभरात नापास होऊन बाहेर आला होता. पुढे त्याने टॅक्सी चालवली, आणि आता म्हातारपणी तो आपल्या विधवा वहिनीला, हसीबाला, मदत करत असे. हसीबा खासगी तपासाची कामं घ्यायची; गावात मानाने बाईला लल्ला आणि पुरुषाला सी म्हणत, तशी ती सगळ्यांची लल्ला हसीबा. मदत म्हणजे तिची गाडी चालवणं, चहा करणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. यातलं तिसरं काम तो फार मन लावून करायचा.

"बसा काका," हसीबा म्हणाली. "काय चोरलंत ते तरी सांगा."

"थाळी. सी मुहरिजची थाळी."

त्या कॉलेजची रीत जुनी होती. निवृत्त होणाऱ्याला, मग तो प्राध्यापक असो की शिपाई, त्याचं नाव रंगवलेली, भट्टीत भाजलेली मातीची थाळी मिळे आणि ती घरातल्या दर्शनी भिंतीवर लागे. यंदा सत्कार तिघांचा होता. ग्रंथपाल लल्ला शाजलिया, फाटकावरचे हत्ताबकाका, आणि चित्रकलेचे सी मुहरिज. सी मुहरिज हिवाळ्यातच वारले होते. त्यांची थाळी मागे राहिलेल्यांसाठी होती.

"दुपारी खुर्च्या लावायला प्राचार्यांनी सभागृहाची किल्ली मला दिली," काका म्हणाले. "नंतर कापड उचललं तर थाळी नाही. किल्ली माझ्याकडे, म्हणून चोर मी. म्हणतात, संध्याकाळी तुमचं नाव पुकारणार नाही. सत्काराआधी गवगवा नको म्हणून प्राचार्यांनी बाकी कुणाला सांगितलं नाही एवढंच. माझ्या नाती सूसहून निघाल्यात हो, आजोबांना टाळ्या मिळताना बघायला."

बलहसनला भडभडून आलं. त्याने स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" हसीबाने विचारलं.

"काल? सुट्टी होती मला. शिंप्याकडे बसून होतो, हा सूट होईपर्यंत."

"मग उठा. भावजी, गाडी काढा."

प्राचार्य सी फौजी सभागृहात येरझाऱ्या घालत होते. हत्ताबकाकांना बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लल्ला हसीबा, यात तपासासारखं काही नाही. काल संध्याकाळी थाळ्या मांडल्या, कापड घातलं, मी स्वतः कुलूप लावलं. रात्रभर किल्ली माझ्या खिशात. दुपारी यांच्याकडे. त्यानंतर सी मुहरिजच्या भगिनी अचानक आल्या, म्हणून त्यांना थाळी दाखवायला कापड उचललं. आणि काय सांगू, माझी अब्रूच गेली!"

"अचानक आल्या म्हणजे?"

"येणार नाही असा निरोप होता त्यांचा. कॉलेजवर राग आहे. गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी, कुणी घ्यायला आलं नाही तर थाळी कोठारात जाईल. दुसरं काय करणार?"

"काल थाळ्या कुणी मांडल्या?"

"आमच्या नव्या चित्रकला शिक्षकाने, अनीसने. यंदा त्यानेच रंगवल्यात. मी कुलूप लावायला आलो तेव्हा कापड घातलेलं होतं. तिन्ही उंचवटे मी डोळ्यांनी पाहिले."

टेबलावर तीन लाकडी घोड्या उभ्या होत्या. दोहोंवर थाळ्या, तिसरी रिकामी.

"तिसरीवर काहीच नव्हतं?"

"होता एक मशमूम. कुणाची तरी थट्टा. कचऱ्यात टाकला मी."

हसीबा सरळ कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली आणि हात घातला. प्राचार्यांनी तोंड फिरवलं. मशमूम म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या गवताच्या काड्यांना बांधून केलेला बोटभर गुच्छ. नाबलमध्ये उन्हाळ्यात तो कानावर नसलेला पुरुष शोधावा लागतो. याच्या कळ्यांची फुलं झाली होती, पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. काड्या जुनाट, काळपटलेल्या. त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे घट्ट वेढे होते. हसीबाने त्यावरून नख फिरवलं, वास घेतला आणि मशमूम रुमालात ठेवला.

"कापड उचललं तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली होती?"

"नाही. त्याच्या आधीच."

तिने कापड उचलून पुन्हा घोड्यांवर पसरलं. तीन उंचवटे उभे राहिले. हिरवं जाड कापड, मध्ये शाईचा भलामोठा डाग. बलहसन एकदम खुलला.

"अरे, हे तर वाचनालयाच्या टेबलावरचं! हा डाग माझ्या हातचा आहे वहिनी. त्यासाठी मला आठवडाभर वर्गाबाहेर काढलं होतं."

"कॉलेजात तुमचं काहीतरी मागे राहिलंय म्हणायचं," हसीबा म्हणाली.

अनीस अंगणात नारिंगाच्या झाडांवर दिव्यांच्या माळा सोडत होता. थाळी नाहीशी झाल्याचं सांगताच तो शिडीवरून उतरला.

"मी घेतली नाही. पण गेली ते बरं झालं, खोटं कशाला बोलू? सी मुहरिज माझे गुरू. त्यांच्या थाळीवर मी मासा काढला तो बोंबिलासारखा झाला."

"काल मांडल्यावर कापड तूच घातलंस?"

"कापड? मला काय ठाऊक कापड कुठे असतं? थाळ्या ठेवल्या आणि ट्युनिसची बस पकडली, आईला आणायला. आत्ता दुपारी परतलो, तेव्हापासून या शिडीवर."

"बोंबिल! यानेच लपवली असणार," बलहसन तिच्या कानाशी कुजबुजला. "लाजेखातर."

"भावजी, लाज वाटणारा माणूस थाळी फोडतो. तिच्या जागी फुलं ठेवत नाही."

सी मुहरिजच्या भगिनी लल्ला वसीला प्राचार्यांच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. काळा पोशाख, हातात काठी, समोरचं लिंबू सरबत न शिवलेलं.

"माझ्या भावाला या कॉलेजने खाल्लं," त्यांनी सुरुवातच अशी केली. "सगळे मास्तर दुपारी घरी. हा संध्याकाळी बाहेर पडायचा तो अंधार पडल्यावर यायचा. विचारलं की म्हणे, कॉलेजात काम होतं. मी विधवा होऊन माहेरी आले तेव्हा तो ऐन तिशीत होता. जेवण वाढून वाट बघण्यात माझं आयुष्य गेलं."

"मग आज का आलात?"

"घरात त्याच्या जागेवर कुणी बसत नाही. निदान भिंतीवर नाव असावं म्हटलं. तेही यांनी हरवलं."

हसीबाने रुमाल उघडला. लल्ला वसीलांना लागोपाठ तीन शिंका आल्या.

"दूर करा ते! मोगरा मला जन्मात सोसला नाही. मुहरिज बिचारा कानावरचा मशमूम उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा. कधी एक फूल घरात आणलं नाही त्याने, माझ्यासाठी."

वाचनालय मागच्या अंगाला होतं. लल्ला शाजलिया मेजाचे खण रिकामे करत होत्या. सडपातळ बाई, पांढरे केस नीट बांधलेले, डोळे असे की रात्री झोप झालेली नाही. मधलं लांब टेबल उघडंबोडकं होतं.

"या, या. सत्काराला आलात? अजून वेळ आहे. मी सकाळपासून इथेच आवरतेय, बाहेर काय चाललंय काही कल्पना नाही." मग बलहसनकडे बघून त्या हसल्या. "शाई सांडणारा तूच ना रे? बटण लोंबतंय बघ तुझं. काढ कोट."

इतक्या वर्षांनी ओळख लागली म्हणून बलहसनला कानकोंडं झालं, आणि बरंही वाटलं. लल्ला शाजलियांनी खणातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. दोरा मेणाचा हात दिलेला, जाडसर.

"पुस्तकं शिवायचा आहे. कोट फाटेल, पण बटण सुटायचं नाही."

त्या बटण लावत असताना बलहसन खिडकीपाशी गेला. खिडकी उघडी होती. कट्ट्यावर एका मातीच्या पेल्यात जुन्या काळपट काड्या गच्च भरल्या होत्या. दुपारी खाल्लेल्या, अंडं घालून तळलेल्या ब्रीकचा तुकडा त्याच्या दातात अडकला होता. त्याने एक काडी उचलली.

"ती नको!" लल्ला शाजलिया एवढ्या जोरात म्हणाल्या की त्यांच्याच बोटात सुई गेली. मग आवाज खाली आणून, "जुन्या आहेत. धूळ असते."

हसीबाने पेल्याकडे पाहिलं. "खिडकीची कडी मोडलीय वाटतं?"

"नाही. मीच लावत नाही. आधीचे प्राचार्य रागवायचे, चोर येतील म्हणून." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "कुणी आलं नाही."

अजान होऊन गेली होती. फाटकाबाहेर मशमूमवाला नुकताच येऊन बसला होता. त्याच्या तबकात ओल्या फडक्याखाली गुच्छ मांडलेले, कळ्या घट्ट मिटलेल्या, काड्या ताज्या पिवळ्या, त्यावर लाल दोरा. बलहसनने एक घेऊन उजव्या कानावर खोचला. डाव्या कानावर खोचला असता तर बायकोने घरात घेतलं नसतं. डावा कान म्हणजे मन अजून मोकळं आहे.

"वास येतोय का, भावजी?"

"आत्ता कुठे वहिनी? दिवस कलला की उमलतील, मग बघा."

"सी मुहरिज तुझ्याकडूनच घ्यायचे?" तिने विक्रेत्याला विचारलं.

"माझ्याकडून, आधी माझ्या बापाकडून. रोज दोन. एक डाव्या कानाला. म्हातारे झाले तरी डाव्याच! आम्ही चिडवायचो, आता कोण येणार आहे काका? नुसते हसायचे. दुसरा हातात घेऊन परत कॉलेजात शिरायचे. बहिणीसाठी असेल."

"भला माणूस," बलहसन म्हणाला.

हसीबा उघड्या फाटकातून आत बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून बलहसनला वाटलं की तपास लागला, आणि लागला नसता तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

"सगळ्यांना वाचनालयात बोलवा," ती म्हणाली. "शाजलियाबाईंना एकटं गाठून विचारता आलं असतं. पण काकांना लल्ला वसीलांच्या देखत चोर म्हटलंय. ते चारचौघांतच पुसलं पाहिजे."

सगळे उघड्या टेबलाभोवती जमले. हत्ताबकाका दाराशीच उभे राहिले. सवय जाता जात नाही. हसीबाने रुमाल टेबलावर ठेवला.

"सी मुहरिजची थाळी नाहीशी झालीय, आणि आळ हत्ताबकाकांवर आलाय. यांचं नाव आज पुकारणार नाहीत म्हणे."

"काय?" लल्ला शाजलियांच्या हातातली पुस्तकं खाली पडली. "हत्ताबवर? कोण म्हणालं?"

"मी," प्राचार्य म्हणाले. "किल्ली—"

"किल्लीचं बघू," हसीबा म्हणाली. "सी फौजी, तुम्ही मशमूम टाकून दिलात, इथेच घोटाळा झाला. फुलं उमललेली होती, कडेने करपायलाही लागली होती, आणि तेव्हा असरची अजानही झाली नव्हती. भावजी, तुमच्या कानावरच्या कळ्या?"

बलहसनने चाचपलं. "मिटलेल्या."

"आज खुडलेली कळी आज संध्याकाळी उमलते. ती फुलं कालच्या कळ्यांची होती. म्हणजे थाळी काल संध्याकाळीच गेली, कुलूप लागायच्या आधी. तुम्ही रात्रभर सांभाळलीत ती रिकामी घोडी. कापडाखाली घोडी उभी असली की उंचवटा तसाच दिसतो. मघाशी मी कापड पसरलं तेव्हा खाली दोनच थाळ्या होत्या, तरी उंचवटे तीनच होते. आणि काल काका शिंप्याकडे होते."

हत्ताबकाका दारातून एक पाऊल आत आले.

"लल्ला वसीलांना मोगरा सोसत नाही, हा गुच्छ त्या बांधणार नाहीत. अनीस थाळ्या ठेवून बसकडे गेला, कापड त्याने घातलं नाही. कापड या टेबलावरचं आहे, शाईच्या डागासकट." तिचा आवाज मऊ झाला. "आता मशमूम. विकणाऱ्याचा दोरा लाल असतो. याचा दोरा पांढरा, मेण लावलेला. तसाच आत्ता भावजींच्या बटणाला आहे."

बलहसनने बटणाकडे पाहिलं आणि झटकन हाताने झाकलं. झाकून काय उपयोग, पण झाकलं.

"काड्या यंदाच्या गवताच्या नाहीत. कित्येक वर्षांच्या आहेत, त्या खिडकीतल्या पेल्यातल्यासारख्या. सी मुहरिज रोज दोन मशमूम घ्यायचे. एक कानाला. दुसरा घरी गेला नाही, कारण घरी मोगरा सोसत नव्हता. मग इतकी वर्षं तो जायचा कुठे?"

लल्ला वसीलांनी हळूहळू मान खिडकीकडे वळवली.

"बस, हसीबा," लल्ला शाजलिया म्हणाल्या. "पुढचं मी सांगते. माझं आहे."

त्या उठल्या. रिकाम्या फळीवरचं शालीचं गाठोडं त्यांनी आणून टेबलावर सोडलं. निळी-हिरवी थाळी होती, मधला मासा खरोखर बोंबिलासारखा.

"मी दुपारी घरी जायचे. मशमूम संध्याकाळी विकतात. त्यामुळे सकाळी आले की तो कट्ट्यावर असायचा. उमललेला, थोडा करपलेला. फुलं गळली की काड्या ठेवून द्यायचे. मुहरिज सर दिवसा इथे पुस्तकं न्यायला यायचे. हवापाण्याचं बोलायचे. मीही हवापाण्याचंच बोलायचे."

"विचारलं का नाही त्यांना?" अनीसच्या तोंडून निघून गेलं.

"ते दाराने येतील म्हणून थांबले. मी खिडकी कधी लावली नाही रे. यापेक्षा मोठ्याने कसं सांगायचं असतं?"

लल्ला शाजलियांनी खाली पडलेली पुस्तकं उचलून टेबलावर ठेवली.

"थाळी कोठारात जाणार हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. मी त्यांची कोणी नव्हे, मागणार कुठल्या तोंडाने? म्हणून काल उचलली, आणि त्यांच्याच काड्यांवर माझ्या झाडाच्या कळ्या बांधून ठेवल्या. एकदा तरी माझ्याकडून. सी फौजी, आज तुम्ही सगळ्यांसमोर कापड उचललंत की मी उभी राहून सांगणार होते, थाळी माझ्याकडे आहे. रात्रभर तेवढं एक वाक्य घोकत होते. तुम्ही आधीच उचललंत, आणि मला कुणी काही बोललं नाही." त्या हत्ताबकाकांकडे वळल्या. "हत्ताब, माझ्यामुळे तुला हे ऐकावं लागलं. माफ कर बाबा."

"मला ठाऊक होतं लल्ला," काका म्हणाले. "मशमूमचं. रोज संध्याकाळी फाटक मीच उघडायचो त्यांना."

"आणि आज चोर म्हणवून घेतलंत तरी बोलला नाहीत?" प्राचार्य ओरडले.

"थाळीचं मला ठाऊक नव्हतं साहेब. आणि मशमूमचं सांगायला ते माझं नव्हतं."

प्राचार्यांनी घसा साफ केला, चष्मा पुसला, आणि शेवटी हत्ताबकाकांपुढे जाऊन त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

लल्ला वसीला काठी टेकत उठल्या. थाळी त्यांची होती, हक्काने. त्या लल्ला शाजलियांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मी त्याला कधी अडवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझी शपथ. पण मला एकटीला सोडून जाववणार नाही असं त्यानेच ठरवलं असणार. विचारलं असतं तर तुला हाताला धरून घरी नेलं असतं मी. जेवण वाढून वाट बघायला दोघी झालो असतो." त्यांनी थाळी उचलून तिच्या हातात दिली. "आज ही थाळी घ्यायला तूच उभी राहायचंस. आणि उद्या ती माझ्या भिंतीवर लावायला यायचंस. मग परवा तुझ्या. पुढचं बघू दोघी मिळून." मग बलहसनला, "ए कोटवाल्या, फाटकावरून एक मशमूम आण. ताजा."

बलहसन धावत गेला. त्याने एक मागितला. विक्रेत्याने दोन दिले. "कॉलेजात न्यायचा ना? हात आपोआप दोन उचलतो," तो म्हणाला.

सत्कार अंगणात झाला. हत्ताबकाकांचं नाव सगळ्यात आधी पुकारलं आणि दोन छोट्या मुली खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत राहिल्या, थांबेचनात. सूटवरची शिंप्याची चिठ्ठी कुणीतरी काढायला हवी होती, ते राहूनच गेलं.

सी मुहरिजचं नाव आलं तेव्हा दोन बायका उठल्या. लल्ला वसीलांनी एक मशमूम थाळीवर ठेवला आणि दुसरा, नाकाला पदर लावून, लल्ला शाजलियांच्या हातात दिला. कळ्या अजून मिटलेल्या होत्या. त्या बाईला आयुष्यभर उमललेलीच फुलं मिळाली होती. मिटलेली आज पहिल्यांदा मिळाली.

प्राचार्यांचं भाषण लांबलं. बलहसनला ऐकू काही येत नव्हतं. तो समोरच्या रांगेतल्या त्या हाताकडे बघत होता. दिवस मावळत होता आणि बोटांमध्ये एकेक कळी उघडत होती. लल्ला शाजलिया मान खाली घालून ते बघत होत्या, आणि शेजारी लल्ला वसीला शिंकत होत्या, पण जागच्या हलत नव्हत्या.